विमानप्रवास आणि साथीचे आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानात बसलं की आजार होण्याची शक्यता खरंच वाढते का?

वाढते, पण बहुतेकांना वाटतं त्या कारणाने नाही. "बंद डब्यात दोनशे माणसं तीच ती हवा घेत बसतात" हे चित्र मनात पक्कं बसलेलं असतं. हवेत उडणाऱ्या विमानाची केबिन तशी नसते. तुमच्या जवळ कोण बसलंय, तो माणूस आजाराच्या कोणत्या टप्प्यावर आहे आणि तुम्ही किती तास शेजारी बसणार आहात, या तीन गोष्टींवर तुमचा धोका बराचसा ठरतो. शिवाय प्रवास म्हणजे फक्त आकाशातले तास नव्हेत. सुरक्षा तपासणीची रांग, बोर्डिंगच्या दारातली गर्दी, टर्मिनलपर्यंत नेणारी खचाखच भरलेली बस, हा सगळा प्रवासच. तिथली हवा केबिनमधल्या हवेइतकी गाळलेली असेलच असं नाही.

जगाच्या दृष्टीने मात्र प्रश्न वेगळा आहे. विमानामुळे एका प्रवाशाला सर्दी होते की नाही, यापेक्षा विमान एका शहरातला जंतू दुसऱ्या खंडात किती लवकर नेऊन सोडतं, हे कितीतरी गंभीर आहे. या दोन गोष्टींची सतत गल्लत होते, म्हणून पुढची उत्तरं वाचताना दोन्ही वेगळ्या धरा.

केबिनमधली हवा नेमकी येते कुठून?

बहुतेक जेट विमानांत इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून दाबलेली, तापलेली हवा घेतात, ती थंड करतात आणि केबिनमध्ये सोडतात. बोइंग ७८७ मध्ये हेच काम विजेवर चालणारे स्वतंत्र कॉम्प्रेसर करतात. या बाहेरच्या हवेत केबिनमधलीच, पण गाळून घेतलेली हवा मिसळली जाते. प्रमाण साधारण निम्मं-निम्मं. गाळण्यासाठी बसवलेला हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉन आकाराचे किमान ९९.९७ टक्के कण अडवतो. खोकल्यातून उडालेले विषाणू सुटे फिरत नाहीत, थुंकीच्या बारीक थेंबांत बसून येतात आणि ते थेंब फिल्टरमध्ये अडकतात.

हवेची दिशाही महत्त्वाची. ती डोक्यावरून येते आणि पायांजवळच्या झडपांमधून बाहेर पडते, म्हणजे मुख्यतः वरून खाली वाहते. पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेपर्यंत वाहत जात नाही. तासाला साधारण वीस ते तीस वेळा केबिनमधली सगळी हवा बदलते. घरातल्या किंवा कार्यालयातल्या खोलीत हवा इतक्या वेळा क्वचितच बदलत असेल.

केबिनची हवा फार कोरडी असते हे मात्र खरं. लांबच्या प्रवासात आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली जाते. घसा सुकतो, नाक कोरडं पडतं, आणि उतरल्यावर माणसाला वाटतं आपल्याला काहीतरी लागलं. दर वेळी तो संसर्ग नसतो.

हवा इतकी स्वच्छ असते, तर विमानात संसर्ग झाल्याच्या बातम्या खोट्या म्हणायच्या का?

मुळीच नाही. फिल्टरपर्यंत पोचण्याआधी हवा शेजाऱ्याच्या नाकाजवळून जाते, आणि ते अंतर कोणताही फिल्टर पुसू शकत नाही. तीन प्रसंग सांगतो. तिन्हींतून वेगळी गोष्ट कळते.

पहिला १९७७ सालचा, अलास्कातला. इंजिनाच्या बिघाडामुळे एक विमान जमिनीवरच अडकून पडलं. आत ५४ माणसं होती आणि त्यातल्या एका प्रवाशाला फ्लू झाला होता. थांबलेल्या काळात हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती. पुढच्या तीन दिवसांत ७२ टक्के लोक आजारी पडले. विमान तेच, माणसं तीच, फक्त हवा थांबली होती. विमान धावपट्टीजवळ तासन् तास उभं असेल आणि डोक्यावरच्या झरोक्यातून वारा येत नसेल, तर क्रूला विचारायला अजिबात संकोचू नका. मी तर म्हणेन, विचाराच.

दुसरा प्रसंग १५ मार्च २००३ चा. हाँगकाँगहून बीजिंगला निघालेल्या विमानात क्रू धरून १२० माणसं होती. त्यांतल्या एका वयस्क प्रवाशाला सार्स, म्हणजे श्वसनाचा गंभीर साथीचा आजार, झाला होता आणि तो तापाने फणफणला होता. नंतर विमानातल्या बावीस जणांना सार्स झाल्याचं पुढे आलं. ज्यांची माहिती मिळवता आली, त्यांत रुग्णाच्या पुढच्या तीन रांगांमधल्या २३ पैकी ८ जण आजारी पडले होते, आणि इतरत्र बसलेल्या ८८ पैकी १०. म्हणजे जवळ बसणाऱ्याला धोका जास्त, पण लांब बसलेला निर्धास्त नाही. त्याच अभ्यासात आणखी एक विमान तपासलं होतं. त्यातल्या सार्सच्या प्रवाशाला अजून लक्षणं सुरू झालेली नव्हती. तिथे कुणालाच लागण झाली नाही.

तिसरा मार्च २०२० च्या सुरुवातीचा. लंडनहून हनोईला जाणाऱ्या, सुमारे दहा तासांच्या प्रवासात बिझनेस क्लासमधल्या एका खोकणाऱ्या प्रवाशाला कोविड होता. मास्क तेव्हा सक्तीचा नव्हता. तपासात विमानातले आणखी सोळा जण बाधित आढळले आणि त्यांतले बारा त्याच बिझनेस क्लासमधले होते. ऐसपैस सीट आणि महाग तिकीट यांचा विषाणूशी काही संबंध नसतो.

"दोन रांगा पुढे, दोन रांगा मागे" हा नियम कुठून आला?

मुख्यतः क्षयरोगावरून. १९९४ साली औषधांना दाद न देणारा क्षयरोग असलेली एक प्रवासी अमेरिकेत होनोलुलू, शिकागो, बाल्टिमोर आणि परत अशी विमानाने फिरली. तिच्या सहप्रवाशांना नंतर शोधून त्यांच्या त्वचाचाचण्या केल्या. सर्वांत लांब पल्ल्याच्या विमानात तिच्यापासून दोन रांगांच्या आत बसलेल्यांमध्ये संसर्गाची खूण इतरांपेक्षा जास्त आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात त्यामुळे आठ तास किंवा त्याहून लांब प्रवास, आणि रुग्णाची रांग धरून दोन पुढच्या, दोन मागच्या रांगा असा निकष आला.

हा निकष कुणाला आधी शोधायचं ते ठरवण्यासाठी आहे. तिसऱ्या रांगेत भिंत उभी असते, असा त्याचा अर्थ नाही. वर सांगितलेल्या सार्सच्या विमानाने तेच दाखवलं.

कोणती सीट बरी?

खिडकीची. त्यामागे चमत्कार काही नाही. खिडकीशी बसलेला माणूस कमी उठतो आणि त्याच्या जवळून कमी लोक जातात. अमेरिकेतल्या दहा लांब विमानप्रवासांत संशोधकांनी प्रवाशांच्या हालचाली टिपल्या होत्या. २०१८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. आइलच्या, म्हणजे मधल्या वाटेलगतच्या, सीटवरचे ८० टक्के प्रवासी प्रवासात कधी ना कधी उठले, खिडकीचे ४३ टक्के. अर्थात शेजारचाच माणूस आजारी असेल, तर खिडकीही वाचवत नाही.

पूर्वीही जहाजांतून रोग जातच होते. मग विमानाने वेगळं काय केलं?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मला हा वाटतो.

जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जो काळ जातो, त्याला अधिशयन काळ म्हणतात. फ्लूचा एक ते चार दिवस, गोवराचा साधारण दहा ते चौदा दिवस, सार्सचा दोन ते दहा दिवसांचा. शिडाच्या जहाजांचा प्रवास आठवडे नि महिने चाले. गोवर जहाजावरच भडके, ज्यांना व्हायचा त्यांना होऊन जाई, आणि किनारा दिसेपर्यंत साथ विझलेली असे. समुद्र हाच मोठा बांध होता. प्रवास जलद झाला तसा तो बांध फुटत गेला. १८७५ साली 'डायडो' नावाचं ब्रिटिश नौदलाचं जहाज सिडनीहून फिजीच्या राजाला आणि त्याच्या परिवाराला घेऊन परतलं, आणि त्यांच्यासोबत गोवर उतरला. ज्या बेटांनी तो आजार कधी पाहिलाच नव्हता, तिथे हजारो माणसं मेली.

विमानाने हे टोकाला नेलं. जगातल्या कोणत्याही दोन मोठ्या शहरांमधलं अंतर आज दीड-दोन दिवसांत कापता येतं, म्हणजे बहुतेक रोगांच्या अधिशयन काळापेक्षा कमी वेळात. माणूस ठणठणीत असताना विमानात चढतो, ठणठणीत उतरतो, घरी जातो, कामाला लागतो, आणि चार दिवसांनी त्याला ताप येतो.

फेब्रुवारी २००३ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून आलेला, सार्स झालेला एक डॉक्टर हाँगकाँगच्या एका हॉटेलात नवव्या मजल्यावर उतरला. त्याच सुमारास तिथे राहिलेल्या काही पाहुण्यांना लागण झाली, आणि त्यांनी विमानांतून तो आजार टोरांटो, हनोई, सिंगापूर इथे नेला. एका मजल्यावरून तीन देश. ती साथ शमेपर्यंत जगात आठ हजारांहून अधिक रुग्ण आणि ७७४ मृत्यू नोंदले गेले. लक्षात घ्या, हॉटेलातल्या त्या लोकांना विमानात लागण झालेली नव्हती. विमानाने त्यांना फक्त पोचवलं.

डिर्क ब्रॉकमान आणि डिर्क हेल्बिंग या शास्त्रज्ञांनी २०१३ साली हीच गोष्ट गणितात मांडली. नकाशावरचे किलोमीटर बाजूला ठेवा आणि दोन शहरांमध्ये किती प्रवासी ये-जा करतात त्यावरून अंतर मोजा. मग साथ कुठे कधी पोचेल याचा अंदाज बराच नेमका येतो. रोज भरून जाणारी विमानं असलेलं दुसऱ्या खंडातलं शहर 'जवळ' ठरतं, आणि रस्ता धड नसलेलं शेजारचं गाव 'लांब'. २०१९ मध्ये जगभरात विमानांतून सुमारे साडेचार अब्ज प्रवासी वाहून नेले गेले, हा आकडा या नकाशावर ठेवून पाहावा.

विमानतळावर ताप तपासतात. त्याने रुग्ण सापडतात का?

फार थोडे. ज्याला अजून ताप आलेलाच नाही तो अंगाची उष्णता टिपणाऱ्या थर्मल कॅमेऱ्याला दिसणार कसा? ज्याने दोन तासांपूर्वी पॅरासिटामॉल घेतली तोही सुटतो. २००३ मध्ये कॅनडाने लाखो प्रवाशांची तपासणी केली, पण त्यातून सार्सचा एकही रुग्ण हाती लागला नाही.

मला या तपासणीचा एक फायदा मान्य आहे. माहितीचा कागद हातात पडतो, लक्षणं दिसली तर कुठे जायचं ते कळतं, आणि तापात निघालेला एखादा घरीच थांबतो. पण तपासणी झाली म्हणजे धोका टळला, असं प्रशासनाने लोकांना भासवू नये. खोटा दिलासा हा साथीत रोगाइतकाच महाग पडतो.

मग विमानंच बंद केली तर साथ थांबेल?

थांबत नाही, फक्त उशिरा पोचते. वुहान शहर २३ जानेवारी २०२० ला बंद केलं गेलं. नंतरच्या एका अभ्यासाचा अंदाज असा की त्यामुळे चीनच्या मुख्य भूमीतला प्रसार अवघे तीन ते पाच दिवस लांबला, कारण तोवर संसर्ग इतर शहरांत पोचला होता. चीनबाहेर जाणारे रुग्ण मात्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत बऱ्याच प्रमाणात कमी झाले. थायलंडमध्ये १३ जानेवारीलाच चीनबाहेरचा पहिला रुग्ण नोंदला गेला होता. भारतातला पहिला ३० जानेवारीला, केरळात.

मिळालेले दिवस वाया घालवायचे की वापरायचे, यावर सारं अवलंबून असतं. चाचण्यांची सोय, रुग्णालयांतल्या खाटा, संपर्कशोधाची (रुग्णाच्या सहवासात आलेल्यांना हुडकणारी) माणसं यांची तयारी त्या दिवसांत झाली तर बंदीला अर्थ आहे.

संपर्कशोधाने काय साधतं ते नायजेरियाने दाखवलं. जुलै २०१४ मध्ये इबोलाचा एक रुग्ण विमानाने लागोसला उतरला. एवढं दाट वस्तीचं शहर, साऱ्या जगाचा जीव टांगणीला लागला. तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी जवळजवळ नऊशे संपर्क शोधले, दारोदार जाऊन रोज त्यांची चौकशी केली, आणि २० रुग्ण व ८ मृत्यूंवर साथ आटोक्यात आली. २० ऑक्टोबर २०१४ ला देश इबोलामुक्त जाहीर झाला. त्या माणसांबद्दल मला नितांत आदर आहे. त्यांच्यातल्या काहींनी रुग्णसेवा करताना जीवही गमावला.

विमानातून डास येतात हे खरं का?

खरं. मलेरिया नसलेल्या देशात, विमानतळाजवळ राहणाऱ्या आणि कधीही परदेशी न गेलेल्या माणसाला मलेरिया झाल्याची उदाहरणं आहेत. १९९४ च्या उन्हाळ्यात पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या परिसरात असे सहा रुग्ण आढळले. म्हणूनच काही मार्गांवर केबिनमध्ये कीटकनाशकाचा फवारा मारतात किंवा आतल्या पृष्ठभागांवर टिकणारं औषध लावतात.

पण डासापेक्षा माणूसच रोग जास्त वाहून नेतो. २००७ मध्ये चिकुनगुन्या घेऊन केरळहून गेलेल्या एका प्रवाशामुळे इटलीच्या ईशान्येकडे साथ सुरू झाली आणि दोनशेवर लोक आजारी पडले. डास तिथे आधीच होते, विषाणू नव्हता. २०१६ मध्ये अंगोलातून परतलेल्या अकरा जणांबरोबर पीतज्वर (यलो फीव्हर) चीनमध्ये आला. आशियात तो पसरला नाही, हे आपलं नशीब. त्याला पसरवणारा एडिस डास आशियाभर आहे.

पीतज्वराचं पिवळं कार्ड का मागतात?

वरच्याच कारणाने. पीतज्वराच्या पट्ट्यातून येणाऱ्याकडे अनेक देश लसीचा दाखला, म्हणजेच हे पिवळं कार्ड, मागतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर ग्राह्य धरला जातो. तिकीट काढल्यावर लगेच लसीची तारीख ठरवा. आदल्या आठवड्यात घेतलेली लस कागदावर चालत नाही.

कार्ड नसलेल्या लसींकडेही लक्ष द्या, विशेषतः गोवराच्या. गोवराचा विषाणू रुग्ण खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि प्रतिकारशक्ती नसलेल्या दहांपैकी नऊ निकटच्या लोकांना तो गाठतो. तान्ह्या बाळाला घेऊन लांब जाणार असाल तर बालरोगतज्ज्ञांना महिनाभर आधी भेटा. काही वेळा ते गोवराचा एक डोस ठरल्या वयाआधी देतात.

ट्रे, सीटबेल्ट, शौचालय, जेवण: यांचं काय?

सगळेच रोग हवेतून येत नाहीत. २००९ मध्ये एका विमानात नोरोव्हायरस या उलट्या-जुलाब घडवणाऱ्या विषाणूची लागण झालेल्या प्रवाशाला उलटी झाली. विमान साफ केलं गेलं, तरी पुढचे काही दिवस त्याच विमानावर काम करणारे वेगवेगळे क्रू एकामागोमाग आजारी पडत राहिले. नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबण आणि पाणीच हवं. ट्रे पुसून घ्या, खाण्याआधी हात धुवा.

जेवणाचा किस्सा जुना आहे. फेब्रुवारी १९९२ मध्ये ब्यूनोस आयरेसहून लिमामार्गे लॉस एंजेलिसला गेलेल्या विमानात लिमाला चढवलेल्या थंड सीफूड सॅलडमधून पटकी (कॉलरा) पसरली. ७५ जणांना बाधा झाली, एक जण दगावला.

मास्क लावावा का?

साथ असेल, वय जास्त असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल तर जरूर, आणि घट्ट बसणारा एन-९५ सारखा. बोर्डिंग, विमान जमिनीवर उभं असतानाचा वेळ आणि उतरतानाची गर्दी, निदान एवढ्या वेळी तरी तो काढू नका. खोकणाऱ्याने मात्र पूर्ण प्रवासभर लावावा.

कोणत्या आजारात प्रवास करूच नये?

फ्लूसारखा ताप असेल तर औषधाशिवाय चोवीस तास ताप नसेपर्यंत. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. गोवरात पुरळ उठल्यानंतर निदान चार दिवस. फुप्फुसाच्या क्षयरोगात उपचार सुरू होऊन डॉक्टर "आता संसर्ग नाही" म्हणेपर्यंत, म्हणजे किमान दोन आठवडे, आणि औषधांना दाद न देणारा क्षयरोग असेल तर त्याहून बराच जास्त काळ.

हे सगळं माहीत असूनही लोक तापात विमानात चढतात. मी त्यांना दोष द्यायला तयार नाही. तिकिटाचे पैसे बुडणार, रजा संपली, आई आजारी आहे, लग्न चुकेल. आजारी प्रवाशाला तारीख बदलायला दंड लावणारी तिकीटव्यवस्था त्याला नकळत विमानात ढकलत असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बिनदंड तारीख बदलून मिळावी, हे मला कोणत्याही थर्मल कॅमेऱ्यापेक्षा उपयोगाचं वाटतं. तोवर तारीख बदलता येईल असं तिकीट किंवा आजारपण धरणारा प्रवासविमा परवडत असेल तर घ्या.

उड्डाणात कुणी आजारी पडलं तर क्रू काय करतात?

३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आणि त्याबरोबर सततचा खोकला, दम लागणं, पुरळ, जुलाब, उलट्या असं काही दिसलं, तर संसर्गाचा संशय धरतात. रुग्णाला शक्य तेवढं बाजूला बसवतात, मास्क देतात, एकच क्रू सदस्य त्याची देखभाल करतो आणि शक्य असल्यास एक शौचालय त्याच्यासाठी राखतात. कॅप्टन उतरण्याआधीच विमानतळाला कळवतो. हा शिरस्ता आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांतून आलेला आहे. ते नियम २००५ मध्ये मंजूर झाले आणि जून २००७ पासून लागू आहेत. विमानांसाठीचा पहिला असा करार तर १९३३ चा, हेग इथला.

उतरल्यावर सीट नंबर आणि फोन नंबर विचारणारा फॉर्म भरायला दिला तर तो नीट भरा. चुकीचा एक आकडा म्हणजे संपर्कशोधातला एक माणूस हरवला.

विमानाच्या सांडपाण्याची तपासणी कशासाठी?

लांबच्या प्रवासात बरेच जण शौचालय वापरतात, आणि काही विषाणूंचे अंश विष्ठेत सापडतात. उतरलेल्या विमानाच्या टाकीतला एक नमुना घेतला की कुणालाही न अडवता, कुणाचंही नाव न विचारता, विषाणूचा नवा प्रकार देशात आलाय का ते कळतं. अमेरिकेसह काही देशांनी कोविडनंतर हे सुरू केलं. ही पद्धत मला फार आशादायक वाटते.

प्रवासाहून परतल्यावर ताप आला तर?

वाट पाहू नका. डास असलेल्या भागातून आला असाल तर मलेरियाची रक्तचाचणी त्याच दिवशी करून घ्या. फाल्सिपॅरम हा मलेरियाचा सर्वांत घातक प्रकार बहुधा महिन्याभरात डोकं वर काढतो, आणि उपचाराला दिवस-दोन दिवसांचा उशीरही जिवावर बेतू शकतो. पुरळ असेल तर दवाखान्यात थेट जाऊन बसू नका, आधी फोन करा, म्हणजे तिथल्या बाळांपासून तुम्हाला वेगळं बसवता येईल. आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर कुठे दुखतंय हे सांगण्याआधी, तुम्ही कोणत्या देशातून, कोणत्या तारखेला, कुठे कुठे थांबून आलात ते सांगा.